८३ एक्स की १२५ एक्स? बाबांसाठी लांब झूमचा कॅमेरा घेताना

दोन महिने घोळ घातल्यावर काल शेवटी ऑर्डर टाकली, निकॉन पी९५०. डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते, कारण मी शोधत होते तेव्हा हा घ्या, तो घ्या असं सांगणारे भरपूर भेटले, पण का घ्यायचा ते नीट कुणी सांगेना.

कॅमेरा बाबांसाठी आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं फिरणं जवळजवळ बंद झालंय आणि दिवसाचा बराच वेळ खिडकीशी जातो. समोरच्या मोकळ्या जागेपलीकडे एक उंच झाड आहे, त्यावर घारीने घरटं केलंय. मी पावलं मोजून आले, साठ-सत्तर मीटर तरी भरतं. बाबांनी फोनवर काढलेल्या फोटोत घरटं म्हणजे फांदीत अडकलेला काळा ठिपका, आणि बोटांनी मोठं करून बघितलं की ठिपक्याचा डाग होतो. त्यांना पिल्लू बघायचंय, आणि बघून झालं की मला फोटोत दाखवायचंय. जरा जवळ जाऊन काढा हा सल्ला आमच्या काय कामाचा, जवळ जाता येत नाही म्हणून तर कॅमेरा घ्यायचा.

आता तो बॉक्सवरचा एक्सचा आकडा. मीसुद्धा सुरुवातीला त्यावरूनच यादी केली होती, १२५ एक्स (निकॉन पी१०००) सगळ्यात वर, मग ८३ (पी९५०), ६५ (कॅनन एसएक्स७०), ६० (पॅनासॉनिक एफझेड८२). नंतर कळलं की एक्स म्हणजे फक्त लेन्सची सगळ्यात लांब फोकल लेन्थ (एमएममधला आकडा, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) भागिले सगळ्यात आखूड. पॅनासॉनिकचा एफझेड८२ २० एमएमपासून १२०० एमएमपर्यंत जातो म्हणून ६० एक्स, आणि कॅननचा २०१२ सालचा एसएक्स५० २४ पासून १२०० पर्यंत जायचा म्हणून ५० एक्स. दोघांचं लांबचं टोक एकच! घार दोन्हीत तेवढीच मोठी दिसणार. फरक आहे तो जवळच्या टोकाला, एफझेड८२ मध्ये खोलीचा जास्त भाग मावतो इतकंच. त्यामुळे एक्स सोडून द्या, शेवटचा एमएमचा आकडा बघा. कल्पना यावी म्हणून सांगते, फोनमध्ये ५ एक्सची लेन्स असते तिची लांबी या हिशोबात साधारण १२० एमएम पडते आणि त्यापुढचं बरंचसं म्हणजे फोटो कापून मोठा करणं. पी९५० जातो २००० एमएमपर्यंत, पी१००० जातो ३००० पर्यंत.

पण नुसत्या एमएमवरसुद्धा जाऊ नका, आणि हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. लेन्सच्या पुढच्या कडेवर बारीक अक्षरात दोन जोड्या छापलेल्या असतात, एक खरी फोकल लेन्थ (२०००, ३००० हे आकडे जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापात बदलून सांगितलेले असतात) आणि एक एफ नंबर. पी९५० वर ४.३-३५७ एमएम आणि २.८-६.५ असं आहे. ३५७ ला ६.५ ने भागा, ५५ येतात. म्हणजे पूर्ण झूमवर प्रकाश आत यायला ५५ मिलिमीटर रुंदीची खिडकी मिळते. लांबच्या त्या एका घारीकडून तुमच्यापर्यंत किती उजेड पोचणार हे ही खिडकी ठरवते, एक्स नाही आणि मेगापिक्सेल तर नाहीच नाही. हा भागाकार मी यादीतल्या सगळ्या कॅमेऱ्यांचा केला. कॅननचा एसएक्स७०, २४७ भागिले ६.५, ३८ मिलिमीटर. एफझेड८२, २१५ भागिले ५.९, साधारण ३६. पी१०००, ५३९ भागिले ८, म्हणजे ६७. रुंदीच्या वर्गाने उजेड वाढतो, त्यामुळे त्याच घारीकडून पी९५० ला एसएक्स७० च्या दुप्पट उजेड मिळतो आणि पी१००० ला पी९५० च्या दीडपट.

आणि गंमत म्हणजे सोनीचा आरएक्स१० मार्क फोर, ज्याचं नाव काढलं की सगळे जाणकार मान डोलावतात, त्याची लेन्स खऱ्या मापात २२० एमएम आणि एफ ४. भागा. ५५! पी९५० एवढीच खिडकी. हे बघितल्यावर मी दोनदा कॅलक्युलेटर चालवला. मग लोक त्याला इतकं का मानतात, तर त्याचा सेन्सर (आतली प्रकाश टिपणारी चकती) एक इंची म्हणतात तो आहे, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, आणि बाकीच्या सगळ्यांचा १/२.३ इंची, म्हणजे सव्वासहा बाय साडेचार मिलिमीटरच्या आसपास, करंगळीच्या नखापेक्षा लहान. चौपट क्षेत्रफळाचा फरक आहे. घरातलं, समारंभातलं, संध्याकाळच्या उजेडातलं काहीही काढायचं असेल तर सोनी फारच पुढे, फोकसही जलद आणि सेकंदाला २४ फोटो. पण तो थांबतो ६०० एमएमला. साठ मीटरवरचं पिल्लू चौकटीत भरायचं तर त्याचा फोटो इतका कापावा लागतो की २० मेगापिक्सेलमधले दोनसुद्धा उरत नाहीत. उडणारे पक्षी, खेळाचं मैदान, मुलांचे कार्यक्रम असं सगळं एकाच कॅमेऱ्यात हवं असेल तर जरूर तो बघा, पैसे मात्र बरेच जास्त लागतात. आमचं गिऱ्हाईक एकच, फांदीवर बसलेलं आणि लांब.

पी१००० मैत्रिणीकडचा चार दिवस आणला होता. २०१८ साली आला तो, आणि २०२५ मध्ये पी११०० म्हणून त्याचीच पुढची आवृत्ती आली, लेन्स तीच आणि चार्जिंगला टाइप-सी. काय दिसतं त्यातून! पहिल्याच रात्री चंद्र लावला तर ३००० एमएमला चंद्र चौकटीत वर-खाली मावेना, थोडं मागे यावं लागलं, आणि अंधार-उजेडाच्या सीमेवर विवरांच्या कडा अशा उभ्या दिसत होत्या की बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. शनीच्या भोवती कडं आहे हे कळत होतं. त्या रात्री मी मनातून पी१०००च नक्की केला होता.

सकाळी बाबांनी तो हातात घेतला. वजन १४१५ ग्रॅम. आकड्यात ते काही वाटत नाही, पण लेन्स पूर्ण बाहेर आली की सगळा भार पुढे जातो आणि मनगट खाली वाकायला लागतं. बाबा ७१ वर्षांचे आहेत. पाच मिनिटांनी त्यांनी कॅमेरा हळूच मांडीवर ठेवला, दुखतंय म्हणाले नाहीत, छान आहे गं म्हणाले. बाबा छान आहे गं म्हणून एखादी गोष्ट खाली ठेवतात तेव्हा ती त्यांना परत घ्यायची नसते हे मला माहीत आहे. ट्रायपॉडवर लावून देता आला असता, पण मग घार उडून दुसऱ्या फांदीवर बसली की ट्रायपॉडचं डोकं सैल करा, फिरवा, घट्ट करा, हे त्यांना बसल्या जागेवरून जमणारं नाही. ज्यांची पाठ-मनगटं धड आहेत आणि चंद्र, ग्रह, लांबची जहाजं हेच ज्यांचं वेड आहे त्यांनी पी१००० किंवा पी११०० बिनधास्त घ्यावा, त्या काचेला तोड नाही. अजून एक बारकावा, पूर्ण झूमवर तो ७ मीटरच्या अलीकडचं फोकस करत नाही आणि पी९५० ५ मीटरपर्यंत करतो. खिडकीजवळच्या फांदीवर चिमणी येऊन बसली तर हे दोन मीटर जाणवतात.

एसएक्स७० मावसभावाकडचा पाहिला. हलका, सहाशे ग्रॅमच्या आसपास, हातात घेतल्या घेतल्या आपलासा वाटतो, स्क्रीन बाहेर वळते, व्ह्यूफाइंडरही (डोळा लावून बघायची खिडकी) चांगला. प्रवासाला नेण्यासाठी मी तोच घेतला असता. पण ३८ आणि ५५ चा फरक एकदा डोक्यात बसला की बसला. २० मेगापिक्सेल विरुद्ध १६ यावर तर विचारच करू नका, कारण एवढ्या लहान छिद्रातून आलेला प्रकाश सेन्सरवर टोकदार बिंदू म्हणून पडतच नाही, थोडा पसरतो, एफ ६.५ ला तो पसारा साधारण पावणेनऊ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि १६ मेगापिक्सेलच्या या सेन्सरचा एक पिक्सेल असतो सव्वा-दीड मायक्रॉनचा. एकाच ठिपक्यावर सहा पिक्सेल ओळीने बसलेत, तिथे अजून पिक्सेल कोंबून पिसं काही वाढत नाहीत.

डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घे आणि १५०-६०० ची लेन्स लाव असं दोघांनी सांगितलं. बरोबर आहे त्यांचं. तीच भागाकाराची रीत लावली तर ६०० भागिले ६.३, पंच्याण्णव मिलिमीटर, पी९५० च्या तिप्पट उजेड. पण नुसती लेन्सच दोन किलोच्या आसपास. विषय संपला.

मग पी९५० दोन दिवसांसाठी भाड्याने आणला. १००५ ग्रॅम. पी९०० चा हा पुढचा भाऊ, २०२० चा, लेन्स तीच २४-२००० पण रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो आणि फोर-के व्हिडिओ आले आणि मुख्य म्हणजे व्ह्यूफाइंडर बदलला, पी९०० चा सव्वानऊ लाख ठिपक्यांचा होता, याचा साडेतेवीस लाखांचा आहे. हे का महत्त्वाचं ते सांगते. २००० एमएमला कॅमेऱ्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम सव्वा अंश दिसतो. मागच्या स्क्रीनकडे बघत हात लांब धरून एवढ्याशा तुकड्यात घरटं सापडवणं म्हणजे नुसतं आकाश आणि पानं, आकाश आणि पानं. डोळ्याला लावला की कपाळ, दोन हात आणि कोपर असे आधार मिळतात आणि चित्र शांत होतं. बाबांचा चष्मा आहे, डायऑप्टरचं छोटं चाक फिरवून त्यांनी चष्म्याशिवाय जुळवून घेतलं. कॅमेऱ्याच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो, आजूबाजूचं दिसतं, घार चौकटीच्या मध्ये आणायची आणि बटण सोडायचं की झूम परत जिथे होता तिथे. बाबांना हे बटण इतकं आवडलं की पहिला अर्धा तास ते तेवढंच करत होते. चाकावर पक्ष्याचं आणि चंद्राचं असे दोन वेगळे मोडही आहेत, बाकी काही न शिकता सुरुवात करता येते.

दुपारी मात्र सगळे फोटो मऊ आले. कडा विरघळल्यासारख्या. मला वाटलं भाड्याच्या पीसची लेन्स खराब आहे. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/५०० सेकंद, बाबांचा हातही स्थिर, तरी घारीचा डोळा म्हणजे धूसर गोळा. मग लक्षात आलं की आम्ही खिडकीच्या बंद काचेतून काढतोय. काच उघडली, थोडं बरं झालं, पण पूर्ण नाही, कारण खोली गार होती आणि बाहेर ऊन, आणि खिडकीतच गार-गरम हवा मिसळून थरथरत होती. शिवाय मधली जमीन तापलेली, व्ह्यूफाइंडरमध्ये पानं पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, रात्रभर खिडकी उघडी ठेवून, तीच सेटिंग, तीच घार. काळी वाकडी चोच, तिच्या मुळाशी पिवळा भाग, गळ्यावरच्या एकेका पिसाची गडद मधली रेघ. आणि तिच्या मागून वर आलेलं पिल्लाचं डोकं, पांढुरकं, कापूस लावल्यासारखं. बाबांनी फोटो मोठा केला, परत लहान केला, परत मोठा केला. मग मला हाक मारली.

तेव्हा लांब झूमचा कुठलाही कॅमेरा वापरून बघताना दुपारच्या फोटोवरून त्याला नापास करू नका. आधी हवा बघा. दोनशे मीटरच्या पलीकडचं, तापल्या जमिनीवरून, भर उन्हात, कुठल्याच कॅमेऱ्यातून नीट येत नाही.

हाताच्या थरथरीबद्दल थोडं. जुना नियम असा की फोकल लेन्थ २००० तर शटर किमान १/२००० पाहिजे. या कॅमेऱ्यांतलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप झाकणारी सोय) पाच स्टॉपच्या आसपास सांभाळतं, एक स्टॉप म्हणजे शटरची वेळ दुप्पट, म्हणजे हिशोबाने १/६० वरही हाताचा हलका कंप झाकला जातो. पण पक्षी मान फिरवतो त्याला स्टॅबिलायझेशन काय करणार? बसलेल्या पक्ष्याला १/५०० च्या खाली मी जात नाही, आणि उजेड कमी असेल तर आयएसओ ८०० पर्यंत चालवते, त्यापुढे पिसांचं मेण होतं. म्हणजे संध्याकाळ झाली की या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांचं काम संपलं, हे घेण्याआधीच मनाशी पक्कं करा. उडणाऱ्या पक्ष्याचंही तेच. फोकस शोधत बसतो तोवर घार निघून जाते, फार तर आकाशात संथ घिरट्या घालणारी मिळेल. सेकंदाला ७ फोटोंचा वेग लिहिलेला असतो पण काही फोटो झाले की कॅमेरा ते कार्डवर लिहीत थांबतो. टच स्क्रीन नाही. चार्जिंग जुन्या मायक्रो यूएसबीवर. बॅटरी कंपनीच्याच हिशोबाने २९० फोटो, पी१००० ची तर २५०, आणि झूम सारखा पुढे-मागे केला की त्याहून कमी, म्हणून जादा बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या. मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करायला विसरू नका, नाहीतर घाईत बोट दाबलेलं राहतं आणि खऱ्या झूमची हद्द ओलांडली कधी ते कळत नाही.

सेकंडहँड घ्यायचा विचार बऱ्याच जणांचा असतो, माझाही होता, आणि पूर्वी एकदा मी तसा एक लांब झूमचा घेतलाही होता, कुठल्या कंपनीचा ते महत्त्वाचं नाही. लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढते आणि हवेबरोबर धूळ. माझ्या त्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोत आकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक राखाडी डाग यायचा. लेन्स काढता येत नाही, त्यामुळे सेन्सर पुसायचा तर आख्खा कॅमेरा खोलावा लागतो आणि त्याचा खर्च ऐकून मी तो तसाच वापरला. म्हणून बघायला जाल तेव्हा पूर्ण झूम करून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, तो मोठा करून चारी कोपरे बघा, एक बाजू धूसर आणि दुसरी तीक्ष्ण असेल तर लेन्सला कधीतरी मार बसलाय असं समजा. झूमची कळ दहा-बारा वेळा चालवा, मध्ये अडखळण्याचा किंवा किरकिरण्याचा आवाज आला तर सोडून द्या. मॉडेल जुनं आहे म्हणून मात्र घाबरू नका. २०१० साली जगात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, मग फोनने तो सगळा धंदा खाल्ला आणि कंपन्यांनी या वर्गात नवीन मॉडेलं काढणं जवळजवळ थांबवलं, त्यामुळे २०१८-२० चा कॅमेरा म्हणजे या जातीत अजून ताजाच आहे.

चंद्राचं एक राहिलं. २००० एमएमला चंद्र चौकटीच्या उंचीच्या सत्तर टक्के भरतो, म्हणजे आख्खा मावतो आणि आजूबाजूला थोडं काळं आकाशही राहतं, मला हे ३००० पेक्षा जास्त आवडलं. पृथ्वी फिरते त्यामुळे मध्ये ठेवलेला चंद्र मिनिटभरात कडेला येऊन चिकटतो, बाबांनी ते स्वतः बघितलं आणि शेजारच्या पोराला बोलावून दाखवलं. ऑटोवर ठेवलात तर चंद्र पांढरी थाळी येते. आयएसओ १००, एफ ६.५, १/२०० च्या आसपास ठेवून बघा, दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबल्याचा हादरा जातो.

आमच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवायला आईने जुन्या चादरीची पिशवी शिवलीय, आत धान्य भरलंय, तिच्यावर लेन्स टेकवली की ती स्वतःच खळगा करून बसते आणि पाहिजे तशी फिरवताही येते. भाड्याचा कॅमेरा परत गेल्यापासून ती पिशवी तशीच कठड्यावर आहे. बाबा रोज सकाळी दुर्बीण घेऊन तिच्यामागे बसतात. पिल्लाच्या डोक्यावरचा कापूस अजून गेलेला नाही पण पंखांवर गडद पिसं फुटायला लागलीत असं आज सांगत होते. कॅमेरा परवा येतोय.